खाडीच्या पाण्याचा रिपोर्ट 'ओके', पण निवट्या तर चिखलात राहतात ना? (मामाचा डबा आणि एक शंका)

खारबावचा_भाचा
नमस्कार मंडळी, बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा. माझा मामा वसई खाडीच्या भिवंडीकडच्या काठाला राहतो, शेती थोडी, बाकी पाग (फेकायचं जाळं) घेऊन खाडीत, आणि सीझनला आमच्याकडे डोंबिवलीला त्याचा डबा येतो म्हणजे येतोच, निवट्या (चिखलातले छोटे मासे), कालवं (शिंपल्यातली), कधी चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, नशीब असेल तर जिताडा, खाडीतला मोठा मासा. यावेळी ताई माहेरी आलीये, पाचवा महिना चालू आहे आणि आईचं म्हणणं निवट्यांचं कालवण पोटातल्या बाळाला चांगलं. भावोजी केमिकल इंजिनियर, ते म्हणाले खाडीचं काही खायचं नाही, हेवी मेटल असतात. आई चिडली, मामा त्याहून चिडला. मग मीच शहाणपणा केला, मामाच्या बंधाऱ्यावरून दोन बाटल्या पाणी भरून लॅबला दिलं. रिपोर्ट आला, शिसं, कॅडमियम, पारा सगळ्यापुढे बीडीएल, म्हणजे डिटेक्शन लिमिटच्या खाली. आई जिंकली. पण भावोजी रिपोर्ट बघून नुसते हसले आणि म्हणाले, निवटी पाण्यात राहते का चिखलात? तर प्रश्न तोच आहे. कोणाला यातलं कळतं का?

बटाटेवडा
मला फक्त निवट्यांचं कालवण कळतं. चिंच कमी, तिरफळ नको, लसूण ठेचून. बाकी वाचतोय.

शंकासुर
आले, हेवी मेटलवाले आले. दर दोन वर्षांनी कोणीतरी बातमी छापतं की ठाण्याच्या खाडीतला मासा विषारी, मग आठ दिवस बाजारात मच्छीवाल्या बायका रिकाम्या बसतात, मग सगळे विसरतात. तुमचा मामा, त्याचा बाप, आजा तेच खात आले ना? रिपोर्ट तुम्ही स्वतः काढलाय आणि तो क्लीन आहे, मग आता गाळ तपासा, मग वारा तपासा, मग चंद्र तपासा. ताईला खाऊ द्या.

गाळसाळ
भाचेबुवा, तुमचे भावोजी बरोबर ठिकाणी हसले. मी काही वर्षं खाड्यांचा गाळ तपासायचं काम केलंय (पीएचडी अर्धी सोडली, तो वेगळा धागा होईल), म्हणून लांबण लावते, कंटाळा आला तर बटाटेवडा यांच्या कालवणाकडे परत जा.

आधी रिपोर्ट. बीडीएलच्या शेजारी किंवा खाली बारीक अक्षरात त्या लॅबची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिसं ०.०१, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१ मिलिग्रॅम लिटरला. लॅबचं मशीनच ०.०५ च्या खालचं शिसं बघू शकत नसेल तर 'बीडीएल' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही, 'आम्हाला दिसलं नाही' असा होतो.

पण त्याहून मोठी गोष्ट अशी की खाडीत धातू पाण्यात शोधायचेच नसतात. नदी गोडी असते, तिच्यात मातीचे अतिबारीक कण तरंगत असतात, त्या कणांवर ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांना लांब ठेवतात आणि तरंगत राहतात. धातू या कणांना चिकटून प्रवास करतात. आता ही नदी खाडीत आली आणि भरतीचं खारं पाणी भेटलं की मिठामुळे तो भार दबतो आणि कण एकमेकांना चिकटायला लागतात. दुधात लिंबू पिळल्यावर कसं होतं, अगदी तसं, नदी फाटते. लोह, मँगनीज, शेवाळं कुजून झालेलं सेंद्रिय, सगळ्याचे पुंजके होतात आणि बरोबर शिसं, तांबं, पारा घेऊन तळाला बसतात. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थबकतं तेव्हा तर जास्तच. म्हणून पाणी तासातासाला बदलतं आणि गाळ साठवत जातो. पाण्यातलं शिसं मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं, गाळातलं मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारांच्या पटीतला खेळ आहे. तुम्ही बाटली भरली तेव्हा भरती होती का ओहोटी, पावसानंतर किती दिवसांनी, यावर आकडा नाचतो. गाळाचा आकडा इतका नाचत नाही.

कॅडमियम मात्र थोडं उलटं वागतं, खारं पाणी लागलं की क्लोराइडबरोबर जोडी करून कणाला सोडतं आणि पाण्यात येतं. म्हणून कालवांत ते जास्त सापडू शकतं, कालव दिवसभर पाणी गाळत बसतं.

खारबावचा_भाचा
गाळसाळ ताई, दंडवत. रिपोर्ट आत्ता काढून बघितला, शिशाच्या रांगेत शेवटी खरंच लिहिलंय, डिटेक्शन लिमिट ०.०५. पैसे पाण्यात, अक्षरशः. :(
पण हे धातू येतात कुठून? मामा म्हणतो आमच्याकडे कंपनीच नाही एकही, गोदामं आहेत सगळी.

अंबरनाथ_लोकल
मामांना सांगा, कंपनी त्यांच्याकडे नाही पण नदी आमच्याकडून जाते. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते आणि पुढे वसईपर्यंत खाडी होते, एक फाटा ठाण्याच्या खाडीला जोडलेला. कल्याणच्या आसपास तिला काय काय मिळतं ते बघा. वालधुनी अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून येते, मी लहानपणी पुलावर उभा राहून आज कुठला रंग यावर पैजा लावायचो, हिरवा आला की मी जिंकायचो कारण बाकीचे जांभळा लावायचे. उल्हासनगरला जीन्स धुण्याचे धंदे होते, जीन्स फिकी करायला पोटॅशियम परमँगनेट मारतात, ते म्हणजे मँगनीज. प्लेटिंगची छोटी छोटी दुकानं, क्रोमियम आणि निकेल. २०१४ ला उल्हासनगरमध्ये टँकरमधून वालधुनीत काहीतरी सोडलं आणि रात्री शेकडो लोक श्वास लागून हॉस्पिटलात गेले, ते सगळ्यांना आठवत असेल. खाली भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, स्टील ॲसिडमध्ये धुतात त्यात परत क्रोमियम निकेल. भिवंडीच्या डाइंग आहेतच.

आणि काळू. काळू नदी मोहने आंबिवलीवरून येते. तिथे रेयॉनचा मोठा कारखाना होता, २००९ ला बंद झाला. रेयॉन म्हणजे कॉस्टिक सोडा लागतो, आणि कॉस्टिक करायच्या जुन्या पद्धतीत मिठाच्या पाण्यात वीज सोडताना पाऱ्याचा थर वापरायचे. शिवाय व्हिस्कोस धागा कातायच्या बाथमध्ये झिंक सल्फेट असतं. काळूतल्या पाऱ्याबद्दल ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच देशपातळीवरच्या अहवालांत लिहून आलेलं आहे, म्हणजे हे कालपरवाचं नाही.

शंकासुर
म्हणजे कारखाना बंद होऊन पंधरा वर्षं झाली, पाऱ्याची पद्धतही देशातून गेली (मेम्ब्रेन आलं सगळीकडे, एवढं मलाही माहितीये). मग आता कसली भीती? गेलं की वाहून.

गाळसाळ
हेच तर, वाहून जात नाही. सेंद्रिय घाण, म्हणजे रिपोर्टात बीओडी, सीओडी म्हणून मोजतात ती, सडून जाते, नदीला एक चांगला पावसाळा मिळाला की सुधारते. धातू सडत नाही, तो मूलद्रव्य आहे, त्याचं पुढे काही होणार नाही. फक्त जागा बदलते नाहीतर रूप बदलतं. वर नवा स्वच्छ गाळ बसत गेला तर जुना खाली गाडला जातो, तो सगळ्यात चांगला शेवट. आम्ही पाइप ठोकून गाळाचा उभा तुकडा काढायचो, केळीच्या खांबासारखा, आणि सेंटीमीटर सेंटीमीटरने कापायचो. शिशाचा एक किरणोत्सारी भाऊ आहे, लेड-२१०, अर्धं आयुष्य साधारण २२ वर्षं, त्यावरून कुठला थर कधीचा ते काढता येतं. नशीब असेल आणि तळ कोणी उकरलेला नसेल तर पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद झालं ते त्या चिखलात वाचता येतं. कोणी उकरलेला नसेल तर, हे लक्षात ठेवा, यावर परत येते.

जपानमधल्या मिनामाटाचं सगळ्यांना माहिती असतं, पाऱ्याच्या विषबाधेचं, १९५६ ला रोग कळला, कारखान्याने पारा सोडणं १९६८ ला थांबवलं. पण उपसागराचा तळ उपसून बुजवायचं काम १९७७ ते १९९० चाललं आणि मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी निघाली १९९७ ला. नळ बंद केल्यानंतर जवळजवळ तीस वर्षं.

टाकीवाला
सीईटीपीत, म्हणजे अनेक कंपन्यांच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात काम करतो, कुठल्या ते विचारू नका, पोटाचा प्रश्न आहे. दोन गोष्टी सांगतो. सीईटीपी म्हणजे मुळात जिवाणूंचं हॉटेल. सीओडी बीओडी खाली आणायला बांधलेलं. धातूचं काम कंपनीने आपल्या आवारात करून पाठवायचं असतं, चुना टाकून पीएच वाढवला की बहुतेक धातू हायड्रॉक्साइड होऊन बसतात, हे शाळेतलं रसायनशास्त्र आहे, महाग नाही. पण चुना टाकला की गाळ होतो आणि तो गाळ घातक कचरा म्हणून तळोज्याला पाठवायचा तर किलोवर पैसे लागतात. मग छोटा प्लेटिंगवाला काय करतो ते तुम्हीच समजा. रात्री दोन वाजता इनलेटला पीएच दोन येतो, आमचे जिवाणू मरतात, आणि सकाळी साहेब मला विचारतात की बाबा रे सीओडी का वाढला.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही. पर्यावरण संरक्षण नियम १९८६ मधली सर्वसाधारण मानकं काढून वाचा. नदीत सोडायचं तर शिसं ०.१ मिलिग्रॅम, समुद्रकिनारी सोडायचं तर २. वीसपट. जस्त नदीला ५, किनाऱ्याला १५. हिशोब असा की समुद्र मोठा आहे, मिसळून जाईल. समुद्र असेल मोठा, पण खाडी म्हणजे समुद्र नाही, भरतीला गेलेलंच परत येतं. एकच पाणी दोन घरं वर खाली करत बसतं.

गाळसाळ
टाकीवाला, +१००. आणि मानक आहे ते लिटरमागे. रोज किती लिटर, किती वर्षं, आणि शेवटी तळाला किती जमलं, याला आपल्याकडे मर्यादाच नाही. पिण्याच्या पाण्याला आहे, सांडपाण्याला आहे, माशाला आहे. ज्या चिखलात हे सगळं जाऊन बसतं त्या खाडीच्या चिखलाला नाही.

शंकासुर
बरं मग हा घ्या, मी पण गूगल करू शकतो. आपल्या एका खाडीच्या गाळात तांबं जागतिक सरासरीच्या तीनपट, क्रोमियम दीडपट, असं एका पेपरात आहे. त्यात नमुन्याच्या जागांमध्ये एक जागा अशी आहे जिथे वर एकही कारखाना नाही, नुसतं जंगल. तिथेही तांबं तीनपट. आता बोला. झाडांनी सोडलं का?

गाळसाळ
शाबास! हे खरंच चांगलं पकडलंत, खवचटपणे नाही म्हणत. जागतिक सरासरी म्हणजे बहुधा शेल खडकाची (चिखल घट्ट होऊन झालेला दगड) घेतात, तांबं ४५ पीपीएम, म्हणजे किलोमागे ४५ मिलिग्रॅम. आपला अख्खा सह्याद्री काळ्या बसाल्टचा, त्यात तांबं मुळातच शंभराच्या वर, कितीतरी ठिकाणी दोनशेच्या आसपास. डोंगर झिजून खाडीत येणार, मग तांबं तीनपट दिसणारच, त्यात कोणाचा दोष नाही. क्रोमियम, निकेल, लोह, मँगनीजचंही थोडंफार असंच. निम्म्या बातम्या इथेच फसतात आणि त्याचा फायदा खऱ्या सोडणाऱ्याला मिळतो, कारण कोर्टात त्याचा वकील बरोबर तुम्ही मांडलात तेच मांडतो.

म्हणून कोकणात आणि ठाणे रायगडात बघायचं ते शिसं, पारा, कॅडमियम. बसाल्टमध्ये हे तिन्ही फार कमी. हे वाढलेले दिसले तर डोंगराकडे बोट दाखवता येत नाही. आणि तुलना करायची ती शेलशी नाही, आपल्याच खाडीच्या खोल थराशी, कारखाने यायच्या आधीच्या चिखलाशी. शिवाय कणाचा आकार, रेती असेल तर धातू कमी, चिकण गाळ असेल तर जास्त, म्हणून ६३ मायक्रॉनच्या चाळणीखालचाच भाग घ्यायचा नाहीतर ॲल्युमिनियमने भागून घ्यायचं. नाहीतर एका जागी रेती दुसरीकडे चिखल आणि आपण म्हणतो बघा इथे प्रदूषण.

शंकासुर
मान्य. (नोंद घ्या, हा शब्द मी या फोरमवर पहिल्यांदा वापरतोय.)

बटाटेवडा
स्क्रीनशॉट काढला.

चिंबोरी
मी सहसा वाचते फक्त. आम्ही खाडीकाठचे, आई अजून पाटी घेऊन बसते बाजारात, मी नोकरी करते. तुम्ही सगळे हुशार लोक बोलताय ते बरोबर असेल पण एक सांगा, बातमी आली की मार कोणाला बसतो? आईचं म्हावरं त्या दिवशी बर्फात. कंपनीवाल्याचा माल कधी पडून राहिलाय का?

आणि धातू आहेत हे आम्हाला रिपोर्टशिवाय कळतं. आई कालवं काढायला चिखलात उतरते तर तिची जोडवी काळी होतात, चांदीची, दर आठवड्याला रांगोळीने घासते. आजी सांगायची पूर्वी एवढी नाही व्हायची. हे धातूमुळेच ना?

गाळसाळ
ताई, तुमचा राग बरोबर जागी आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. जोडव्यांबद्दल मात्र सांगते. चांदी काळी होते ती धातूने नाही, गंधकाने. खाडीच्या चिखलात दोन बोटं खाली प्राणवायू संपतो, तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि सल्फाइड सोडतात, तोच कुजक्या अंड्याचा वास. सांडपाणी जितकं जास्त तितकं त्यांना खाणं जास्त, म्हणून आजीच्या वेळेपेक्षा जोडवी आता लवकर काळी होत असतील.

पण तुमचं निरीक्षण वाया नाही, उलट फार कामाचं आहे. कारण जे सल्फाइड चांदीला धरतं तेच शिशाला, कॅडमियमला, जस्ताला धरतं. काळा घाण वासाचा चिखल म्हणजे एक प्रकारची तिजोरी आहे, धातू त्यात कुलूपबंद असतात आणि बंद आहेत तोवर किड्यांना, माशांना कमी लागतात. पाऱ्याचं फक्त वाईट, तेच जिवाणू थोड्या पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात आणि ते मात्र अन्नातून वर चढत जातं. किड्यात थोडं, किडे खाणाऱ्यात जास्त, मोठ्या शिकारी माशात सगळ्यात जास्त. क्रोमियमची गंमत उलटी, घातक असतं ते सहा संयुजेचं, पण अशा चिखलात ते तीनचं होऊन बसतं, त्यामानाने गरीब.

आता ही तिजोरी फोडायची कशी? चिखल उकरा, ढवळा, हवेला लावा. सल्फाइडचं ऑक्सिडेशन झालं की कुलूप निघालं.

चिंबोरी
म्हणजे सक्शन पंप!!

खारबावचा_भाचा
अरे देवा. मामाच्या समोरच रात्रभर चालू असतात.

चिंबोरी
आमच्याकडे मुंब्र्यापासून काल्हेरपर्यंत रेतीसाठी बोटीवर सक्शन पंप लावून तळ ओढतात, बेकायदा, वीसेक वर्षं बघते मी. अधिकारी येतात, बार्ज गॅस कटरने कापतात, फोटो काढतात, पंधरा दिवसांत दुसरा बार्ज. पूर्वी आम्ही म्हणायचो काठ ढासळतो, तिवरं पडतात, डोलीच्या जाळ्याला मासळी नाही लागत. कोणी ऐकलं नाही. आता तुम्ही सांगताय की चाळीस वर्षांपूर्वीचा पारा पण वर काढतात. पंप चालला की दुसऱ्या दिवशी पाणी काळं येतं आणि बोय मासळी पोट वर करून तरंगते, ते यामुळेच असणार.

गाळसाळ
बोय मरते ती बहुतेक प्राणवायू एकदम संपल्याने, धातूने मासा असा एका रात्रीत सहसा मरत नाही. धातूचं काम संथ असतं. पण उकरण्याचं कारण एकच आहे. आणि नुसते चोरटे पंप नाहीत हो, कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग ५३ आहे, वसई-भाईंदर रो-रो २०२४ ला सुरू झाली, फेरी चांगलीच आहे, मी बसलेय, पण खोली ठेवायची म्हणजे गाळ काढावा लागणार. काढण्याआधी त्या गाळात काय आहे ते बघितलं का आणि काढून कुठे टाकला, हे दोन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारण्यासारखे आहेत.

रॉटरडॅमकर
इथे माझा रोजचा विषय निघाला म्हणून लॉगिन झालो, पासवर्ड रीसेट करावा लागला. रॉटरडॅम बंदर म्हणजे ऱ्हाइन नदीचं मुखच, अगदी तुम्ही म्हणताय तसं, जर्मनी स्वित्झर्लंडमधलं सगळं इथे येऊन बसायचं. गाळ तर दरवर्षी काढावाच लागतो, नाहीतर जहाज रुतेल. सत्तर-ऐंशीच्या दशकात लक्षात आलं की काढलेला गाळ शेतात टाकता येत नाही इतकं कॅडमियम वगैरे आहे. मग समुद्राकाठी एक अजस्र खड्डा बांधला, स्लुफ्टर नाव, १९८७ पासून वापरात, १५ कोटी घनमीटरचा. पण मला आवडलेली गोष्ट पुढची. बंदरवाले उलट्या दिशेने नदीकाठाने वर गेले, कुठल्या कारखान्याच्या नळातून किती येतं ते मोजलं, आणि त्या कंपन्यांना सांगितलं की तुमच्यामुळे आमचा गाळ साठवायचा खर्च इतका, एकतर कमी करा नाहीतर कोर्टात भेटू. बहुतेकांनी करार केले. नवा गाळ इतका सुधारला की तो खड्डा २००२ पर्यंत भरेल असा अंदाज होता, अजून भरला नाही.

टाकीवाला
आपल्याकडे बंदरवाला नाही ना पैसे मागायला. खर्च चिंबोरी ताईंच्या आईच्या पाटीतून जातो, तिला बिल कुठे लावता येतं.

मांडवीपार
गोव्यातून. आमच्याकडे मांडवी आणि जुवारीत खनिजाचे बार्ज चालायचे, २०१२ ला खाणी बंद पडल्या तोपर्यंत तर जोरात, नदीचा गाळ लोखंड आणि मँगनीजने लाल. इथे पण हाच वाद, जांभा दगडच लोखंडाचा, मग खाणीचं कोणतं नि डोंगराचं कोणतं. तिसऱ्या (शिंपल्या) सगळेच खातात, पावसाळा सुरू झाला तरी कोणी थांबत नाही, मी पण. :)

अंबरनाथ_लोकल
अवांतर: गणपतीच्या रंगातलं शिसं पण धरा यात.

शंकासुर
तेवढं सोडा हो, दहा दिवसांचा गणपती आणि तीनशे पासष्ट दिवसांचा नळ यांना एका रांगेत बसवू नका. (बघा, बाजू बदलली माझी.)

संपादक_मंडळ
गणपतीवरचे पुढचे सहा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. कृपया विषयावर रहावे.

खारबावचा_भाचा
सगळं वाचलं, आईला पण वाचून दाखवलं, ती जोडव्यांच्या जागी थांबली आणि म्हणाली माझी पण काळी व्हायची लग्नाआधी. आता साधं सांगा, ताईने काय खायचं?

गाळसाळ
मी डॉक्टर नाही, तिच्या डॉक्टरांना विचाराच. पण मी माझ्या बहिणीला काय सांगेन ते सांगते. मासे बंद करू नका, त्या काळात मासा हवाच. फक्त बाळ होईपर्यंत आणि अंगावर पाजते तोपर्यंत या खाडीतलं नको, बाहेर समुद्रातली लहान मासळी खा, बांगडा, मांदेली, बोंबील, तारली. मोठे शिकारी मासे, मुशी, सुरमई मोठी, खाडीतला दांडगा जिताडा, हे कमी. जास्त जगलेला, मोठा, दुसऱ्याला खाणारा, त्यात पारा जास्त. पोटातल्या बाळाला मिथाइल पारा आणि शिसं दोन्ही मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त लागतात, मेंदू तयार होत असतो.

निवटी लहान आहे, शिकारी तसा नाही, पाऱ्याच्या बाबतीत कदाचित जिताड्यापेक्षा बरी, पण ती चिखल चाटूनच जगते आणि आपण ती आतड्यासकट शिजवतो, म्हणजे पोटातला चिखल पण ताटात. तुम्ही तिघं खाणार असाल तर निदान पोट काढून टाका. चिंबोरीच्या आतलं पिवळं तपकिरी जे असतं ते तिचं यकृतच, कॅडमियम तिथे साठतं, तिथलं चोखू नका (मला माहितीये, तेच सगळ्यात छान लागतं). कालवं हिरवट दिसली तर तांबं जास्त असू शकतं, ती राहू द्या. आणि दोन दिवस गोड्या किंवा स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवून 'साफ' होतात हा समज रेतीपुरता आणि थोडाफार जंतूंपुरता खरा, धातू त्यांच्या मांसात बसलेला असतो, तो दोन दिवसांत जात नाही. चिंचेने, मिठाने, उकळून, कशानेच जात नाही.

बटाटेवडा
मी चिंचेचं चवीसाठी म्हटलं होतं. आता खाताना ताईंचा आवाज येणार.

चिंबोरी
आईला वाचून दाखवलं. ती म्हणते आम्ही काय करायचं, रोज तेच खातो, विकत घेऊन बांगडा खायचा का?

गाळसाळ
याला माझ्याकडे खरंच उत्तर नाही ताई. आम्ही आठवड्यातून एकदा खाणारे आणि रोज खाणारे यात फरक आहे. मिथाइल पाऱ्याची जी मर्यादा मानतात ती आठवड्याची असते, वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, आणि ती रोज खाणाऱ्याची आधी ओलांडली जाते. म्हणून तुमच्या गावचाच गाळ आणि तुमच्याच पाटीतली मासळी तपासली पाहिजे, शहरातल्या बाजारातली नाही. निकाल चांगला आला तर तोच कागद आईने पाटीला लावावा.

शंकासुर
मग तपासूया ना. नुसतं काय टायपायचं. लॅबचा खर्च वाटून घेऊ, मी एक नमुना देतो पदरचा.

टाकीवाला
मी एक. नाव नको.

रॉटरडॅमकर
माझे दोन धरा.

गाळसाळ
बरं. एनएबीएल (लॅब तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची लॅब घ्या, आयसीपी-एमएस म्हणजे अगदी थोडा धातूही पकडणारं मशीन असलेली, आणि देण्याआधी विचारा की गाळात शिसं, कॅडमियम, पारा किती खालपर्यंत दिसतो. पाऱ्यासाठी वेगळी बाटली लागेल, त्यांच्याकडूनच मागा. तीन जागा: मामांचा बंधारा, पंप चालतो त्याच्या खालची बाजू, आणि वर बदलापूरच्याही वरती नदीचा काठ तुलनेला. प्रत्येक जागी पाच ठिकाणचा वरचा दोन सेंटीमीटर थर एकत्र करा. खाडीत तिवरांच्या मुळांतला, वर नदीकाठी जिथे मिळेल तिथला, पण चिकण गाळच, रेतीचा नको. बर्फात ठेवून त्याच दिवशी द्या. मासळीत दोन बोय, एक जिताडा मिळाला तर, आणि किलोभर कालवं शिंपल्यासकट.

खारबावचा_भाचा
मामाला फोन केला. पहिले पाच मिनिटं शिव्या, मग म्हणाला अमावस्येनंतरच्या रविवारी या, तेव्हा पाणी चांगलं उतरतं, आमच्याकडे ओहोटी वसईपेक्षा उशिरा लागते तेव्हा सकाळी नवापर्यंत पोचा. होडी त्याची. चिंबोरी ताई, तुमच्या आई येणार असतील तर मामी म्हणते जेवूनच जायचं. काय जेवायचं ते विचारलं नाही मी.

गाळसाळ
येते. स्टीलचा चमचा कोणी आणू नका, त्यातूनच क्रोमियम निकेल लागतं. प्लॅस्टिकचा डाव चालेल, आइस्क्रीमचे चमचे मोडतात. आणि अंगठ्या काढून या.